गाव सोडावे काय?

भातकापणी उरकली, झोडणी होऊन दाणा कणगीत पडला, की मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतील आपल्या वस्त्यांतून दरवर्षी एकच विषय निघतो. थोरला मुलगा बदलापूरला किंवा भिवंडीच्या गोदामात कामाला लागलेला असतो. सणासुदीला तो घरी येतो आणि म्हणतो, "आता तुम्ही सगळेच तिकडे चला." वडील म्हणतात, शेत कोणी पाहायचे? आई काहीच म्हणत नाही. रात्र सरते, मुलगा पहाटेची एस.टी. धरतो आणि विषय पुढच्या सणापर्यंत तसाच राहतो.

वाचकहो, ज्यांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे त्यांच्या घरी या विषयाला आणखी एक धार असते. दीक्षेनंतर गावकीची कामे सुटली, देवकार्याची वर्गणी बंद झाली, आणि त्याबरोबर गावातील कित्येक माणसांचे बोलणेही बदलले. मग घरातील तरुण विचारतो की ज्या गावाने आपल्याला कधी आपले म्हटले नाही त्या गावाला आपण का चिकटून बसावे? बाबासाहेबांनीच नाही का सांगितले की खेडे सोडा आणि शहराकडे चला? हे वाक्य एकदा उच्चारले, की पुढे वाद करण्याचे धैर्य कोणी करीत नाही. ज्या प्रश्नावर कुटुंबाच्या पुढच्या दोन पिढ्यांचे बरेवाईट अवलंबून आहे तो असा एका वाक्याने मिटविणे आम्हांला मान्य नाही.

बाबासाहेबांचे मत काय होते ते प्रथम नीट पाहिले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी हिंदी खेड्याचे जे परखड वर्णन केले ते सर्वांस ठाऊक आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी त्या दिवशी निरुत्तर केले. परंतु त्याआधी सहा वर्षे, जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय अस्पृश्य परिषद भरली होती. तिच्या ठरावांत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती वसविण्याची मागणी होती. १९४७ साली घटना समितीसाठी त्यांनी जे निवेदन लिहिले त्यात ही वसाहत सरकारने, सरकारच्या खर्चाने आणि पडीक सरकारी जमिनीवर करावी अशी योजना आहे. याचा अर्थ काय? गाव सोडा एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. गाव सोडणाऱ्याच्या पायाखाली त्याची स्वतःची जमीन असली पाहिजे, हा त्या मागणीचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग होता. तो भाग गाळून पहिलाच भाग पाठ करणे म्हणजे अर्धी पावती दाखवून पूर्ण माल मागण्यासारखे आहे.

तुम्ही आज मुरबाडहून बदलापूरला निघता तेव्हा सरकार तुम्हांला वसाहत देत नाही आणि जमीनही देत नाही. तुम्ही आपल्या गाठीच्या पैशावर, आपल्या जबाबदारीवर निघता. म्हणून हिशेबही आपला आपणच केला पाहिजे.

शहराने आपल्या समाजाला काहीच दिले नाही असे म्हणणारा कृतघ्न ठरेल. परळच्या बी.आय.टी. चाळीतील खोलीत राहून बाबासाहेबांनी आपल्या चळवळीची पहिली वर्षे काढली. गोदी, रेल्वे, गिरणी आणि नगरपालिका यांच्या पगारावर कोकण-देशावरील हजारो कुटुंबांनी मुले शिकविली, वृत्तपत्रे चालविली, परिषदा भरविल्या. तरीही त्याच गिरण्यांत विणकामाच्या खात्याचे दार आपल्या माणसांस बंद होते. धोटा भरताना तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यात विटाळ होतो असे सवर्ण कामगार म्हणत. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात कामगार पुढाऱ्यांना या बाबतीत जाब विचारला होता. शहरात जात नाही ही समजूत तेव्हाही खरी नव्हती. पण पगार महिन्याच्या महिन्याला होई आणि नोकरी कायम होती, एवढे खरे.

आज ती कायम नोकरी कोठे आहे? कल्याणजवळ मोहने येथील रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला आणि कामगार आपल्या हक्काच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले. अंबरनाथची आगपेट्यांची फॅक्टरी, जिच्या नावाने एक पिढी ते गाव ओळखत होती, तीही गेली. आज मुरबाडच्या तरुणाला जे काम मिळते ते बहुधा भिवंडीच्या गोदामांत, औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली, किंवा दुचाकीवरून माल पोहोचविण्याचे. रोख पैसा मिळतो, शेतमजुरीपेक्षा अधिक मिळतो, याबद्दल वाद नाही. परंतु ठेकेदार बदलला की माणूस बदलतो. पूर्वीच्या गिरणी कामगाराच्या पगारावर जो हिशेब बसत होता तोच हिशेब आजच्या ठेक्यातील मजुरीवर मांडणे ही मोठी चूक होईल, आणि ही चूक होताना आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. गाव सोडण्याचा बेत नेहमी मुलाच्या पहिल्या पगारावर आखलेला असतो. तिसऱ्या वर्षी तो पगार असेल काय, हे कोणी विचारीत नाही.

आता जमेच्या बाजूला काय आहे ते पाहू. पहिली गोष्ट शाळा. गावातील जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवी-आठवीपर्यंत. पुढे पायी किंवा एस.टी.ने. मुरबाडजवळ शिवळ्याला महाविद्यालय आहे, परंतु अभियांत्रिकी, परिचारिका, औषधनिर्माण अथवा स्पर्धा परीक्षेचे वर्ग यांसाठी कल्याणकडे तोंड करावेच लागते. दुसरी गोष्ट दवाखाना. सर्पदंश झालेला किंवा बाळंतपणात अडलेली बाई मुरबाडहून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात पाठविली जाते. त्या वाटेवरचा एक तास कित्येकदा जिवावर बेततो. तिसरी गोष्ट पाणी. शहापूर तालुक्यातील तानसा, मोडक सागर आणि भातसा यांचे पाणी मुंबई पिते. त्यांपैकी तानसा १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवीत आहे. आणि त्याच तालुक्यात उन्हाळा आला की वाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते! बारवी धरणासाठी आपल्या भागातील गावे उठली आणि ते पाणी कारखान्यांना व शहरांना गेले. पाण्यामागून माणसेही शहराकडे निघाली, तर त्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

चौथी गोष्ट पैशात मोजता येत नाही. शहरात दुकानदार पैसे हातात घेतो, फेकायला सांगत नाही. पोराला शाळेत बापाच्या नावाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारतात. सकाळी उठून कोणाच्या दारी जोहार घालण्याची आठवण करून देणारे कोणी नसते. गावात ज्यांनी सारे आयुष्य मान खाली घालून काढले त्यांना या मोकळ्या हवेचे मोल विचारा.

पण ही हवा घराच्या दारापर्यंतच असते. भाड्याचे घर पाहायला गेलात की आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग "तुमच्यात मांसाहार चालतो का?" आणि शेवटी कळते की खोली कालच दुसऱ्याला दिली. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत याची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. घर शोधणाऱ्या दलित व मुसलमान उमेदवारांना सवर्ण हिंदूंच्या मानाने कितीतरी अधिक नकार मिळाले असे तिच्यात दिसून आले. दिल्लीचे घरमालक आणि कल्याणचे घरमालक यांत फार अंतर असेल असे आम्हांस वाटत नाही. परिणाम असा होतो की आपला माणूस फिरून फिरून आपल्याच वस्तीत, टेकडीच्या उतारावर किंवा नाल्याच्या काठी खोली घेतो.

येथे धोका सुरू होतो. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली सुमारे ९८ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. अंबरनाथ अडीच लाखांचे झाले, कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांचे. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शहरांत स्वस्त घर म्हणजे बहुधा बेकायदा घर. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे ठार झाली. डोंबिवली परिसरात खोट्या कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवून उभारलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश २०२४ साली उच्च न्यायालयाने दिला. त्यांत घरे घेणारे बहुतेक कर्ज काढून आलेले साधे नोकरदार होते. झोपडपट्टीत जागा घेऊन पुढे पक्के घर मिळेल, ही आशाही आता धरू नये. त्या कायद्याचे मोफत संरक्षण १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला आहे, आणि पैसे भरून मिळणारे १ जानेवारी २०११ पर्यंतच्या. आज जाणाऱ्याला त्यांतले काहीही लागू नाही. तसेच उल्हास नदी लक्षात ठेवा. २६ जुलै २००५ चा पूर पुष्कळांनी पाहिला. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा तो पुन्हा आठवला. नदीकाठची जमीन स्वस्त का आहे, हे दलाल सांगत नाही, पाऊस सांगतो.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की मग गावातच राहावे. तसे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की जावे, परंतु जमीन विकून जाऊ नये. या एका मुद्द्यावर आम्ही जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत अधिक नुकसान येथे होते आणि ते भरून निघत नाही.

आपल्या भागातील बहुतेक कुटुंबांकडे जो काही तुकडा आहे तो कसा आला? काहींकडे वतनाचा. १८७४ च्या कायद्याने बांधलेल्या त्या वतनाच्या गुलामगिरीवर बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल मांडले. वतने प्रत्यक्ष नाहीशी झाली ती १९५८ च्या कायद्याने. राबणूक संपली आणि जमीन ठरावीक रक्कम भरून वतनदाराच्या नावे झाली. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. हजारो स्त्रीपुरुष कच्च्याबच्च्यांसह तुरुंगात गेले. अर्धा एकर, दहा गुंठे असा हा तुकडा आहे. त्यात वर्षाला एक भाताचे पीक निघते, तेही पावसाच्या मर्जीने. दिवाळीनंतर त्या जमिनीत काम नसते आणि म्हणून तरुणांना ती निरुपयोगी वाटते.

दलालाला मात्र ती निरुपयोगी वाटत नाही. कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या दोन्ही अंगांना शेतघरांच्या पाट्या लागल्या आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूरच्या डोंगरपट्ट्यातही गाड्या फिरू लागल्या. मुरबाडला रेल्वे येणार, हे तर आपण कित्येक वर्षे ऐकतोच आहोत. अजून ती पोहोचली नाही, पण तिच्या नावावर गुंठ्याचे भाव केव्हाच वर पोहोचले आहेत. ज्या जमिनीचे मोल असे वाढत आहे ती आज विकून तुम्ही बदलापूरला एक खोली घेणार आणि दहा वर्षांनी त्याच जमिनीवर दुसऱ्याचा बंगला पाहणार, हा कोणता व्यवहार?

शिवाय कायद्याची बाजू आहे. वतनाची जमीन सातबाऱ्यावर बहुधा 'भोगवटादार वर्ग २' अशी असते. शासनाच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही, आणि विकलीच तर सरकारजमा होण्याची टांगती तलवार राहते. म्हणून दलाल खरेदीखत करीत नाही. साठेखत करतो, कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो, थोडी रक्कम हातावर ठेवतो आणि बाकीची 'परवानगी आल्यावर' असे सांगतो. पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात राज्यभर गाजला, तेव्हा मुखत्यारपत्र या शब्दाचे सामर्थ्य पुष्कळांना प्रथमच कळले. मोठ्या शहरातील चाळीस एकरांची चौकशी होते. आपल्या वाडीतील दहा गुंठ्यांची कोण करणार? म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको, अंगठा नको. आपली जमीन कोणत्या वर्गाची आहे ते आधी तलाठ्याकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन सातबारा काढून पाहावे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यावयाची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कुळकायद्याचाच हा नियम आहे. शेवटचा गुंठा विकला आणि खाते बंद झाले, की उद्या पैसा आला तरी पुन्हा शेतजमीन घेणे कठीण होऊन बसते. ज्या समाजाला शतकानुशतके जमीन मिळू दिली नाही त्याने स्वतःच्या सहीने पुन्हा भूमिहीन व्हावे, याहून दुर्दैव ते कोणते? जमीन कसायला माणूस नसेल तर भावाला, शेजारच्या समाजबांधवाला वर्षाच्या बोलीने द्यावी. पीक पाहणीत आपले नाव लागते की नाही यावर डोळा ठेवावा. आणि गावठाणातील घराची घरपट्टी न चुकता भरून पावत्या जपाव्यात. पडक्या घराची घरपट्टी कशाला भरायची, असे म्हणणारे पुढे त्या जागेवर दुसऱ्याचा गोठा पाहतात.

जमिनीइतकेच महत्त्व कागदांचे आहे. नवदीक्षित कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना १९९० च्या कायद्याने मिळाल्या, परंतु १९५० च्या आदेशातील यादीत 'बौद्ध' अशी जात नाही. मूळ जात सिद्ध करावी लागते. आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज कोठे कायम राहत होते हे दाखवावे लागते. तो पुरावा बदलापुरात नाही. तो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीत आहे, जुन्या फेरफारांत आहे. शहरात जन्मलेल्या नातवाच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' लिहिलेले असते. प्रवेशाच्या वेळी पडताळणी समिती मूळ नोंद मागते आणि मग बाप रजा काढून मुरबाडला धावतो. शाळेच्या जुन्या वह्या वाळवीने खाल्लेल्या असतात, सांगणारा म्हातारा निवर्तलेला असतो. गाव सोडण्यापूर्वी या सर्व नोंदींच्या सहीशिक्क्याच्या नकला काढून, घरातील प्रत्येकाचा जातीचा दाखला करून घ्यावा. बैठकीत धम्माचा अभिमान सांगणारे आणि हा कागद मात्र पुढच्या वर्षावर टाकणारे आमच्या परिचयाचे आहेत. रेशनची गोष्ट निराळी. ते आता दुसऱ्या ठिकाणीही उचलता येते, त्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

तुम्ही गेल्यावर मागे काय राहते, याचाही विचार करावा लागेल. आपल्या दोन तालुक्यांत बहुसंख्य आपण नाही. कोठे कुणबी-आगरी, कोठे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी वस्ती आहे. आपली घरे गावात मोजकीच. ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीची जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. वस्तीतील बारा घरांपैकी पाच घरांना कुलूप लागले आणि जनगणनेत ती माणसे दुसरीकडे मोजली गेली, की पुढे ती जागाही डळमळते. शिकलेला पोर प्रथम जातो. मागे राहतात ते अर्ज लिहू न शकणारे, आणि मग ग्रामसभेत वस्तीच्या रस्त्याचा प्रश्न कोण विचारणार? विहाराची किल्ली कोणाकडे राहणार? यावर कोणी म्हणेल, दुसऱ्यांसाठी माझ्या मुलाने गावात कुजावे काय? नाही, कुजू नये. परंतु बदलापुरात राहूनही ग्रामसभेच्या दिवशी तीस-चाळीस किलोमीटर येता येते. मुंबईच्या गिरणी कामगाराला ते जमत नव्हते, तुम्हांला जमते. जवळच्या शहराचा खरा फायदा हाच आहे आणि मुंबईत घुसण्यापेक्षा बदलापूर-कल्याणला राहणे आम्ही बरे म्हणतो ते याचसाठी.

तेथूनही मुंबईला रोज नोकरीस जाणाऱ्याचा हिशेब अर्थात वेगळा. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराला लटकून जाणारी माणसे लोकलमधून पडून मेली, ती अशाच लांबच्या प्रवासाला निघालेली होती.

जे कुटुंब बहिष्काराला कंटाळून निघाले आहे त्याच्याशी मात्र आम्हांला निराळे बोलायचे आहे. दीक्षा घेतली म्हणून पाणी तोडले, पिठाची गिरणी बंद केली, मजुरीला बोलावणे थांबविले, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे; २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार त्यात स्पष्ट शब्दांत घातला आहे. आधी फिर्याद नोंदवा, मग गाव सोडायचे की नाही ते ठरवा. फिर्याद न देता निघून जाल तर तुमच्यामागे राहिलेल्या घरावर तोच प्रयोग होईल. तथापि जिवाला धोका असेल तेथे आम्ही कोणालाही थांबा म्हणणार नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यांच्याकडे जमीन होती, मुले शिकत होती, आणि तेच गावाच्या डोळ्यांत खुपत होते. अशा ठिकाणी घरदार सोडून आधी जीव वाचविणे हाच धर्म.

परंतु आपल्या बहुतेक वाचकांची स्थिती अशी टोकाची नाही. त्यांना मुलांच्या शिक्षणासाठी जायचे आहे. तर मग सारे कुटुंबच हलविले पाहिजे असे आहे काय? बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे भाडे आहे. मुरबाड ते कल्याण तीसेक किलोमीटर; रोज जाऊन येऊन शिकणाऱ्या मुली आपल्या भागात आहेत. मोठ्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. शहराच्या वर्गाप्रमाणे वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. हप्ता वेळेवर येत नाही ही विद्यार्थ्यांची तक्रार खरी आहे, तरी योजना आहे. आणि गंमत पाहा, तिची अट अशी की विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा! म्हणजे कुटुंब घाईने शहरात नेले तर मुलगा या मदतीलाच मुकतो. जेथे मूल दहावीच्या पुढे गेले आहे तेथे मुलाने आधी जावे आणि कुटुंबाने मागाहून, असे आमचे मत आहे. मुले लहान असतील तर गोष्ट उलटी. पहिलीतल्या पोराला एकट्याने पाठविता येत नाही आणि गावची शाळा एका शिक्षकावर चालली असेल तर आई-बापांनी लवकर निघावे हे बरे.

आता ती आई, जी सुरुवातीला काहीच बोलली नाही. तिला विचारल्याशिवाय हा निर्णय होऊ नये. गावात ती हंडा वाहते, सरपण आणते, लावणीला वाकते. शहरात नळ आहे, गॅस आहे. परंतु शहरात तिचा दिवस दहा बाय दहाच्या खोलीत जातो, किंवा दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करण्यात. गावकीचे काम सोडलेल्या घरातील स्त्रीने शहरात जाऊन परक्याची खरकटी काढावी, हा बदल कितपत मानाचा, ते तिनेच ठरवावे. नवरा-बायको दोघेही कामावर गेल्यावर लहान मुलींकडे कोण पाहणार हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतील चिमुकल्यांवर झालेल्या अत्याचाराने सारे शहर रुळांवर उतरले होते. तेव्हापासून तेथील आपल्या भगिनी आळीपाळीने मुले सांभाळतात असे कोठे घडत असेल तर ते आम्हांला कळवावे. आणि जमिनीच्या कागदावर बहिणींची हक्कसोडपत्रे घेऊन मग जमीन विकण्याचा जो प्रकार चालतो तो थांबला पाहिजे. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. बहिणीची सही लागते म्हणून साडी-चोळी देऊन ती घेणारे भाऊ बाबासाहेबांचे नाव कोणत्या तोंडाने घेतात?

ज्यांचे मन अजून होय-नाही करीत आहे त्यांना आमची सूचना अशी. घर विकत घेण्याच्या भरीस पडू नये. बदलापूर, अंबरनाथ किंवा कल्याणला ११ महिन्यांच्या कराराने खोली घ्यावी, करार नोंदवून घ्यावा, आणि शक्य तर मे महिन्यात जावे, म्हणजे शाळेचा प्रवेशही होतो आणि त्या वस्तीत पावसाळ्यात पाणी कोठवर चढते तेही दिसते. गावचे घर बंद करू नये. आईवडिलांपैकी कोणी तेथे राहत असतील तर त्यांना राहू द्यावे आणि नसतील तर किल्ली वस्तीतल्याच घरी ठेवावी. लावणीला आणि कापणीला घरातल्या दोघांनी तरी यावे. पुढच्या मार्च-एप्रिलात करार संपेल तेव्हा भाडे, मजुरी, औषधपाणी, मुलांचे शिक्षण यांचा वर्षाचा हिशेब वहीत लिहिलेला असावा, आणि तो घरातल्या सर्वांसमोर, आईसमोरही, वाचून मग पुढचा करार करावा.